बाण उमटवणारा माणूस

"आणखी एक झाड गिळलंत वाटतं, सासरेबुवा?" एनॉकने लाकडाच्या गिरणीच्या दारातूनच विचारलं. "आता आमच्या परसातली झुडपं तेवढी राहिली. त्यांच्यावरही काढा बाण!"

असाहेल टटलने खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली नाही. "हुकूम माझा नाही, एनॉक."

"हात तर तुमचाच ना?"

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर वसाहतीच्या त्या डोंगरातलं जाड खोडाचं प्रत्येक पाइन इंग्लंडच्या राजाचं होतं. त्याच्या आरमाराला डोलकाठ्या लागत. कुऱ्हाडीचे तीन घाव घालून खोडावर राजाचा बाण उमटवायचा, ही असाहेलची नोकरी. बाण उमटला की झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी मालकाने त्याला हात लावायचा नाही. एनॉकने लावला. ओंडके जप्त झाले, आणि त्याची बायको, असाहेलची लेक जेरूशा, कितीतरी दिवस बापाच्या घरी फिरकली नाही.

आधी नुसती कुरकुर होती. मग कर आले, चहावरच्या करावरून भांडण पेटलं, राजाने बॉस्टनचं बंदर बंद केलं. "इंग्लंडच्या त्या पार्लमेंटात आपलं एक काळं कुत्रं नाही, आणि हे आपल्या रानावर हुकूम चालवणार?" माणसं खानावळीत उघड बोलू लागली. असाहेल आत शिरला की मात्र चिडीचूप. घरी त्याला बसवत नसे. एकटा माणूस, चुलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालायचा. लोक म्हणत होते त्यात खोटं काय होतं? सकाळ झाली की तरीही कुऱ्हाड घेऊन निघायचा.

एका रविवारी प्रार्थना संपल्यावर लोकांनी त्याला चर्चसमोरच्या पटांगणात उभं केलं. चर्चचे वडीलधारे डीकन पर्ली पुढे झाले.

"असाहेल, ही नोकरी सोड. आणि सगळ्यांदेखत म्हण, राजा चोर आहे."

"नोकरी सोडली," असाहेल म्हणाला. "झाडं तुमचीच आहेत. हे मी केव्हाचं घरातल्या भिंतींना सांगतोय."

"भिंतींना काय सांगतोस? आम्हाला सांग. म्हण, चोर!"

"जन्मभर त्याचं मीठ खाल्लं, डीकन. आता तुम्ही दंडुके घेऊन उभे राहिलात म्हणून त्याला शिव्या देऊ? उद्या दुसरे कुणी दंडुके घेऊन आले तर तुम्हाला देईन. असला माणूस हवाय तुम्हाला?"

कुणीतरी खो खो हसलं. एकाने दगड उचलला. एनॉकने त्याचं मनगट धरलं. शेवटी ठरलं, राहू दे त्याला गावात. पण त्याच्याशी कुणीही बोलायचं नाही. 'कुणीही' म्हणताना डीकनांनी जेरूशाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

एप्रिलात ढोल वाजले. बॉस्टनच्या बाजूला राजाच्या शिपायांनी शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. गावातले धडधाकट पुरुष बंदुका घेऊन निघाले. असाहेलच्या कुंपणापाशी एनॉक क्षणभर थबकला, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग डोक्यावरची टोपी जराशी उचलून तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी असाहेल गिरणीवर गेला. जेरूशा पोटुशी होती आणि ती एकटीच ओंडक्याला पहार लावत होती. तो न विचारता दुसऱ्या टोकाला उभा राहिला. ती बोलली नाही, जा असंही म्हणाली नाही. मग रोजच तसं सुरू झालं. तो पाटाची फळी उचलून करवत चालवणारं पाणी सोडायचा, ती करवतीकडे पाहायची. दुपारी फळ्यांच्या थप्पीवर घेवड्याच्या कालवणाचा वाडगा ठेवून ती पाठ फिरवायची. तो उभ्यानेच खायचा.

जूनमध्ये बॉस्टनजवळच्या लढाईत पडलेल्यांची यादी घेऊन डीकन पर्ली गिरणीत आले. टोपी काढून ते थेट जेरूशाजवळ गेले. पाण्याच्या आवाजात असाहेलला काही ऐकू आलं नाही. तिने ओंडक्यावर हात टेकलेला तेवढा दिसला. जाताना डीकनांनी असाहेलकडे पाहिलं आणि नजर वळवली.

जेरूशा ओंडक्याच्या कडेकडेने चालत त्याच्यापर्यंत आली.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी बंद करा."

असाहेलने पाटाची फळी खाली पाडली. अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यात करवत थांबली.