अंग उघडं ठेवा

"दादा, शिंगराचं डोकं मांडीवरून खाली घेऊ नका," असं म्हणून सलाईनबाई गुडघा धरून पेंढ्यात बसली. बसली कसली, तिने स्वतःला कसंबसं खाली उतरवलं. गुडघा हल्ली तिचं ऐकेनासा झाला होता. लेक रोज फोनवर बजावायची, "आई, आता पुरे कर." पुरे करून घरी काय करायचं, भिंती मोजायच्या? घोड्यांच्या या दवाखान्यात तिचा उभा जन्म गेला होता. खरं नाव उरलं होतं ते फक्त पगारपत्रकावर. हातात कायम सलाईनची नळी, म्हणून सगळे तिला सलाईनबाई म्हणत आणि तीही मुकाट ओ देई.

घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराच्या मांडीवरचं शिंगरू पहाटे जन्मलं होतं आणि त्याला धड चाटून कोरडं करायच्या आतच घोडी गेली होती. आईचा चीक पोटात गेला नाही, की शिंगराच्या अंगात रोगाशी झगडायला काहीच नसतं. दवाखान्यात साठवलेला चीकही नेमका संपला होता. अशा वेळी दुसऱ्या घोड्याच्या रक्तातलं पिवळं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, शिरेतून द्यायचा. तो देणारा म्हातारा घोडा पलीकडच्या ठाणात उभा असे आणि त्याला सगळे आजोबा म्हणत. आजोबा रक्त देताना शहाण्यासारखे डोळे मिटून राहत, पण सुई निघाली रे निघाली की खाण्याच्या बादलीसाठी पाय आपटत. फुकटात उपकार करणाऱ्यांपैकी ते नव्हते.

परक्याचं रक्तपाणी ते. अंगाला मानवलं तर जीव वाचतो आणि नाही मानवलं तर बघता बघता होत्याचं नव्हतं होतं. म्हणून बाईचा एक कायदा होता आणि दवाखान्यात आलेल्या प्रत्येक नवख्याने तो तिच्या शिव्यांसकट ऐकलेला होता. प्लाझ्मा चालू असताना जनावराचं अंग उघडं ठेवा. थरथर सुटली, केस उभे राहिले, कातडीवर गांधी उठल्या, की आधी नळी बंद करा आणि मग मला हाक मारा. वर काही पांघरलंत तर दिसणार काय, कपाळ?

आज सगळं रीतसर झालं होतं. आजोबांच्या प्लाझ्माची गोठवलेली पिशवी तिने कोमट पाण्यात हलक्या हाताने विरघळवली, थेंब अगदी सावकाश सोडले, छातीचे ठोके तपासले. ठोके ठीक होते.

"ताई, हे गारठलंय हो," मोतद्दार म्हणाला. "थरथरतंय बघा."

तिने पाहिलं. किंचित थरथर होती. ओलं, नुकतं जन्मलेलं पोर, दारातून येणारा वारा, थरथरणारच. ती स्वतःही पहाटेपासून कुडकुडत होती. एरवी तिचा हात आपसूक नळीकडे गेला असता.

मोतद्दाराने अंगावरची शाल काढली आणि शिंगरावर घातली. मानेखाली नीट खोचली, पोटाकडून सारखी केली. "काढा ती" हे शब्द बाईच्या अगदी ओठांवर आले. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. घोडी शिंगरू होती तेव्हापासून तो तिला सांभाळत आलेला, बायको गेल्यावर घरी कमी आणि ठाणात जास्त राहिलेला. आज पहाटे त्याच हातांनी त्याने घोडीचे डोळे मिटले होते. त्या हातांना आता हे नको, ते नको, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. घटकाभर राहू दे, आपण इथेच तर आहोत, असं तिने मनाशी म्हटलं. दमलेल्या माणसाला स्वतःची समजूत फार लवकर पटते.

"मान टाकायची ही सवय आईचीच," तो म्हणाला. "लहानपणी अश्शीच टाकायची माझ्या मांडीवर. पाय झोपायचा माझा, पण हलायची सोय नाही."

"लाडावून ठेवलीत तुम्हीच."

"मग कुणाचे लाड करायचे?"

ती हसली आणि भिंतीला पाठ टेकली. तो बोलत राहिला, ती ऐकत राहिली. मग तिला जाणवलं, की शिंगराच्या नाकपुड्या फुलल्या आहेत आणि श्वास भात्यासारखा चाललाय.

तिने शाल ओढून काढली. मानेपासून पोटापर्यंत गांधीच गांधी, केस ताठ उभे. तिने नळी बंद केली. "डॉक्टरांना बोलवा, पळा," ती म्हणाली आणि मोतद्दार धावला.

डॉक्टर आले. इंजेक्शन झालं, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. मोतद्दाराला त्यांनी बाहेर थांबवलं.

"बाई, एवढं पसरेपर्यंत दिसलं कसं नाही?"

"शाल होती अंगावर."

"कुणी घातली?"

"मी."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"थरथरत होतं. गारठलंय असं वाटलं मला."

दुपारपर्यंत दोघं झटली. मध्येच शिंगरू सावरलंही, तिचं बोट तोंडात धरून चोखू लागलं, आणि बाईला आशा वाटली. तीच वाईट. उन्हं कलायच्या आत त्याचं हृदय थांबलं.

"लवकर कळलं असतं तर वाचलं असतं असंही नाही," डॉक्टर हात पुसत म्हणाले. मग जरा अडखळत म्हणाले, "उद्यापासून प्लाझ्माच्या वेळी तुमच्याबरोबर कुणीतरी असू दे. एकट्या नका बसू." ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. या सौम्य बोलण्याने ती आतून पार मोडली. तिने मान हलवली.

बाहेर मोतद्दार पायरीवर बसला होता. तिने शाल त्याच्या हातात दिली आणि झालेलं सांगितलं. त्याने शाल मांडीवर घेतली.

"ताई, खरं सांगा. माझ्या शालीनं काही झालं का? तुम्ही ती ओढलीत तेव्हा तोंड बघितलं मी तुमचं."

आयुष्यभर तिने कुणाची भीड ठेवली नव्हती. चुकलं त्याला तिथल्या तिथे चुकलं म्हणून सांगितलं होतं.

"छे हो. रक्तपाणीच मानवलं नाही त्याला. शालीचा काय संबंध?"

"मग ओढलीत का?"

"सुई हलली की काय ते बघायचं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर हलू दिली नाही.

"मग तेवढी ऊब तरी मिळाली म्हणायची," तो म्हणाला.

"मिळाली ना. चांगली मिळाली."

तो उठला. शालीला चिकटलेलं काड त्याने बोटांनी वेचून टाकलं आणि फाटकाकडे चालू लागला. वारा वाढला होता. बाई पायरीवर उभी राहून पाहत होती. फाटकाशी तो थांबला, शाल उलगडली आणि अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली.