कावेची खूण

टायरच्या दुकानातल्या बाकावर बसवलं, तिथूनच चंद्रभागाबाईचं डोकं फिरायला लागलं. बसवलं म्हणजे मानानं नव्हे. "मावशी, तुमी हितं सावलीत टेका," असं म्हणून दुकानदार तातेरावनं तिला पोतं लावावं तसं एका कडेला लावलं, आणि तिच्या नवऱ्याला, नामाजीला, मात्र "या पाटील, या" करत आत पंख्याखाली नेलं. नामाजी आयुष्यात कधी पाटील नव्हता. हट्टा गावाजवळच्या वस्तीवर राहणारा, चाळीस वर्षं मेंढरांमागं फिरलेला हटकर धनगर तो. पण पाटील म्हटल्याबरोबर त्याची छाती अशी काही फुगली, की बायकोला आत बोलवायचं त्याला सुचलंच नाही.

आता ज्या पिकअपला टायर घ्यायचे होते, ती पिकअप कोणाची? कागदावर नामाजीची. काचेवर मोठ्या अक्षरात 'शिवहार' लिहिलेलं, म्हणजे पोराची. पण ती आली कशातून? चंद्रभागाबाईला लग्नात माहेरानं पाच मेंढ्या आंदण दिल्या होत्या. पाचाच्या पंचवीस वर्षांत साठ झाल्या. आंदणाच्या मेंढीची सगळी पिलावळ बाईचीच, हा त्यांच्या घरातला रिवाज. त्यातल्या चाळीस मेंढ्या बाजारात गेल्या, तेव्हा कुठं ही जुनी का होईना, पिकअप दारात उभी राहिली. गाडीवर तिचं नाव कुठंच नव्हतं. त्याबद्दल तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही. पोरगं कामाला लागलं, तेवढं तिला पुष्कळ होतं.

पण माघात तिनं दोनदा सांगितलं होतं, की मागचा टायर पार गोटा झालाय, बदला. नामाजी म्हणाला होता, अजून एक हंगाम निघतो. टायरानं हंगाम सोडा, आठवडा काढला नाही. नरसीकडून येताना उतारावर टायर फुटला, गाडी आडवी झाली, सात बोकड जागच्या जागी गेले आणि शिवहारचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. कपाळ फुटलं ते निराळंच. लोक म्हणाले, देवानं राखलं. चंद्रभागाबाईला वाटलं, देवानं किती वेळा राखायचं? माणसानं टायर बदलायचा का नाही?

ते साल अठ्ठ्याण्णव. हिंगोली अजून परभणीतच होती. चैत्राचं ऊन रस्त्यावरचं डांबर पातळ करत होतं, बकरी ईद आठ दिवसांवर आली होती, आणि शिवहारला पंचवीस बोकडांची खेप घेऊन हैदराबादला जायचं होतं. हाताचं प्लास्टर निघून जेमतेम आठवडा झालेला. ही खेप चुकवून चालणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. म्हणून तिनं एकच हट्ट धरला, की टायर घ्यायला मीबी येणार. बापलेक हसले. ती पिकअपच्या मागच्या हौद्यात चढून बसली आणि वसमतला आली.

बाकावर ती फार वेळ टिकली नाही. आत तातेराव नामाजीला गुळगुळीत बोलून जुन्या टायरांच्या ढिगाकडे वळवत होता, हे तिला बाहेरून दिसत होतं. नव्यासारखेच आहेत पाटील, निम्म्या पैशात काम होतं पाटील, असं चाललं होतं आणि नामाजीची मान नंदीबैलासारखी हलत होती. चंद्रभागाबाई उठली आणि सरळ नव्या टायरांच्या थप्पीपाशी जाऊन उभी राहिली. नवेच घ्यायचे, आणि तेही मीच निवडणार, असं तिनं ठणकावून सांगितलं.

निवडणं तिला कोणी शिकवायला नको होतं. बाजारात ती बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायची, तोंड उघडून दात बघायची आणि मगच भावाचं बोलायची. इथंही तिनं तेच केलं. एकेका टायरावरून तळहात फिरवला. नव्या टायरावर रबराचे बारीक बारीक केस असतात, नुकत्या जन्मलेल्या कोकराच्या अंगावर असावेत तसे. ज्याला केस होते तो तिनं बाजूला काढला. दोन टायरांना उन्हानं बारीक चिरा पडलेल्या होत्या, ते तिनं पायानं सारले. तातेराव हसून म्हणाला, "मावशी, हा टायर हाय, बोकड न्हाई." दुकानातली माणसं हसली. नामाजीही हसला, आणि हे तिनं नीट लक्षात ठेवलं.

चार टायर निघाले. मग तिनं कमरेच्या पिशवीतून कावेचा लाल खडा काढला आणि चारही टायरांवर दोन बोटं रुंदीचा एकेक पट्टा ओढला. जनावरांच्या बाजाराची ही रीत. सौदा ठरला, हातावर हात पडला, की घेणारा जनावराच्या पाठीवर आपली खूण करतो. मग तो खुशाल जेवायला जावो, झोपायला जावो, खुणेच्या जनावराला कोणी हात लावत नाही. बाजारात नाना तऱ्हेचे ठक असतात, पण खुणेला हात घालणारा ठक चंद्रभागाबाईनं अजून पाहिला नव्हता. म्हणून टायर चढवायला तासभर लागेल असं तातेराव म्हणाला, तेव्हा तिच्या मनात शंकेची पालही चुकचुकली नाही. कावेचा खडा तिनं बाकावर तसाच ठेवला, फडक्यातल्या भाकरी घेतल्या आणि नवऱ्याला व पोराला घेऊन ती स्टँडजवळच्या लिंबाखाली जेवायला गेली.

परत आले तेव्हा गाडी तयार उभी होती. चारही चाकांवर कावेचे लाल पट्टे. नामाजी खूश झाला, कनवटीचे पैसे मोजून मोकळा झाला आणि वर आणखी एक चहा प्याला. शिवहारनं गाडी चालू केली. चंद्रभागाबाई हौद्यात चढायला म्हणून मागच्या चाकावर हात टेकून उभी राहिली, आणि तिचा हात तिथंच थांबला.

तळहाताला केस लागले नाहीत.

तिनं पुन्हा हात फिरवला. रबर गुळगुळीत होतं, आणि त्यातल्या खाचा मात्र खोल, धारदार. नाकाला जळक्या रबराचा वास आला. पलीकडच्या चाकाशी जाऊन बघितलं, तिथंही तेच. पुढचे दोन टायर तिचेच होते, केसांसकट. मागचे दोन तिचे नव्हते. झिजून गोटा झालेल्या टायरांत तापल्या पात्यानं नव्या खाचा कोरून, काळा रंग फासून ते उभे केले होते. म्हातारा बैल विकायचा असला की ठक लोक त्याचे दात कानशीनं घासून त्याला जवान करतात, तसलाच हा प्रकार. आणि वर तिचीच खूण, तिच्याच कावेनं ओढलेली. खडा बाकावर होता खरा, पण तिनं ठेवला होता त्या टोकाला नाही, दुसऱ्या टोकाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं शिवहारला गाडी बंद करायला लावली आणि तातेरावला हाक मारली. मागचे टायर बदललेत, असं तिनं चारचौघांत सांगितलं.

तातेराव जराही गडबडला नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. कपाळाला आठ्या घालून तो म्हणाला, "मावशी, खूण कोनाची हाय? तुमचीच हाय ना? तुमीच लावली ना सगळ्यांसमोर? मंग आता काहून तकलीफ करून राहिल्या?"

त्यावर जमलेली माणसंही मान डोलावू लागली. खूण तर बाईचीच दिसते, असं कोणीतरी बोललं. ज्या खुणेवर तिनं भरवसा टाकला, तीच आता तिला खोटं पाडायला उभी राहिली होती. पण तातेरावचा तिला इतका राग आला नाही, जितका नामाजीचा आला. बोकड घेताना जो माणूस तीनतीनदा तोंड उघडून बघतो, विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढतो, तो इथं काचेच्या दाराच्या दुकानात, दोन कप चहा आणि एका 'पाटील'पायी मिंधा होऊन खाली बघत उभा होता. आणि वर तिलाच म्हणाला, "शिवहारची माय, खूण हाय ना बराबर. चल आता, लोक बघून राहिलेत."

"बघू द्या की," ती म्हणाली. "माघातबी मी दोनदा सांगितलं व्हतं. तवा कोन बघत व्हतं?"

शिवहार स्टेअरिंगवरून हात काढून खाली उतरला होता. मोडलेला हात त्यानं सवयीनं छातीशी धरला होता. चंद्रभागाबाईनं बाकावरून कावेचा खडा उचलला, पोराला खांद्याला धरून पाठमोरं केलं आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, दोन बोटं रुंदीचा पट्टा ओढला.

"बघ रं तातेराव," ती म्हणाली. इतका वेळ ती त्याला शेट, तुमी म्हणत होती, आता सरळ एकेरीवर आली. "ह्याच्यावरबी माझी खूण हाय. हैदराबादच्या वाटंला तुझा टायर फुटला अन् हा मेला, तर दुसऱ्या कोनाच्या पोरावर काव लावून मला आनून देशील? अन् म्हनशील, मावशी, खूण तर तुमचीच हाय?"

दुकानात कोणी हसलं नाही.

मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज खाली आला होता, पण धार गेली नव्हती. "तोंड उघडून बघा एकदा. बोकडाचं बघता तसं. मग म्हना चल, मी गप हौद्यात बसते."

नामाजी चाकाशी उकिडवा बसला. त्यानं खाचेत नख घातलं आणि जरा जोरानं ओढलं. रबराचा पापुद्रा निघाला आणि आतून पांढरे धागे वर आले. तो त्या धाग्यांकडे बघत राहिला. मग पोराच्या पाठीवरच्या लाल पट्ट्याकडे त्यानं एकदा बघितलं आणि त्याचं तोंड इतकंसं झालं. उठून त्यानं सीटखालचा पाना काढला आणि तातेरावकडे न बघता चाकाचे नट ढिले करायला बसला. तातेराव काहीतरी सांगायला लागला, कामगाराकडून चूक झाली, टायरांची अदलाबदल झाली वगैरे. कोणी ऐकून घेतलं नाही. दुकानामागं ताडपत्रीखाली तिचे दोन टायर सापडले. ओल्या फडक्यानं पुसले होते, पण केसांच्या मुळाशी लाल रंग तसाच होता.

ते चढेपर्यंत चंद्रभागाबाई चाकापासून हलली नाही. पाणी प्यायलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शिवहार खेप घेऊन निघाला तेव्हा त्याची बायको सत्यशीला धुतलेला सदरा घेऊन आली. चंद्रभागाबाईनं तो परत ठेवायला लावला आणि कावेचाच सदरा घालून जा म्हणाली. पोरगं लाजलं, पण आईच्या तोंडाकडे बघून गुपचूप घालून गेलं.

चार दिवस वस्तीवर नामाजीची बैठक रंगली. तातेरावची लबाडी आपण नख घालून कशी पकडली, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. खाच दिसली की आपल्याला लगेच कळतं, टायर काय आणि बैल काय, पारख लागते, असं चाललेलं. चंद्रभागाबाई आत भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा कोणीतरी तिलाच विचारलं, की खरं का वहिनी? ती म्हणाली, "व्हय. पाटील हायेत ते." नामाजी त्या दिवशी बैठक आवरून लवकरच उठला.

पाचव्या दिवशी सकाळी पिकअपचा आवाज आला. चंद्रभागाबाई पीठभरल्या हातानंच बाहेर आली. शिवहार उतरला, तिनं त्याला बोलू दिलं नाही, आधी पाठमोरं केलं. घामानं आणि धुळीनं सदरा काळपट झाला होता. पट्टा पसरला होता, फिका पडला होता, पण जागेवर होता. तिनं त्यावरून एकदा हात फिरवला.

मग तिनं सत्यशीलेला हाक मारली आणि म्हणाली, "आता धू."