पट्टीखालचा शब्द

ग्रंथपाल बाईंनी चित्रकथेचं पुस्तक माझ्यापुढे उघडून धरलं आणि चष्म्यावरून अशा बघू लागल्या, की न केलेला गुन्हाही मी कबूल केला असता.

"आजोबा, हे काय?"

पानावर तीन ठिकाणी पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावलेले होते.

"तिन्ही पुस्तकांत हेच आहे. आणि तिन्ही तुमच्याच घरी होती."

"मी नाही लावले," मी म्हणालो. पण आवाज इतका बारीक निघाला, की मलाच माझा संशय आला. चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधणारा माणूस मी; माझी काय खात्री द्यायची?

पुस्तकं नातीसाठी नेली होती. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती नेहमी भिंतीच्या कडेकडेने चालते. सहा वर्षांची आहे, स्वमग्न आहे, बोलते फार थोडं. शाळेने अक्षरांची कार्डं दिली, ती तिने ओळीने कपाटाखाली सरकवून दिली. मग मी म्हटलं, चित्रकथा देऊन बघू. एका चौकटीत संवादाचा एकच फुगा असलेल्या, फुग्याची शेपटी नीट बोलणाऱ्याकडेच जाणाऱ्या, असं पारखून मी त्या निवडल्या. जावयांनी महिन्याची मुदत दिली. तोवर ती वाचायला लागली नाही, तर हा उद्योग बंद आणि पुन्हा कार्डं. मुदतीचे चारच दिवस उरले होते.

बाईंच्या देखत मी एक तुकडा नखाने सोलला. खाली 'धडाम!' दुसऱ्याखाली 'ठो!' तिसऱ्याखाली 'खळ्ळकन!'

माझ्या डोक्यात लगेच जावई आले. मारामारी नको, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. पण मग गुद्द्याचं चित्र उघडं ठेवून नुसता शब्द का झाकायचा?

"हा बघा," बाई पान उलटून म्हणाल्या. एका चौकटीत एक आजी उभी होती. तिच्या फुग्यात एवढंच होतं : 'थांब, आता मी ... लावते.' मधल्या शब्दावर पट्टी. बाईंनीच ती सोलली. 'मिक्सर.'

"मिक्सर ही काय शिवी आहे का हो?"

आमच्या घरी मुंगी बाहेर गेली, की मगच मिक्सर लावतात. नाहीतर ती कान दाबून पलंगाखाली जाते. पण त्या चित्रात मिक्सर कुठेच नव्हता. होती ती फक्त तीन अक्षरं.

"हे एक न्या आणि घरी विचारा," बाई म्हणाल्या. "छडा लागेपर्यंत नवीन पुस्तक नाही."

संध्याकाळी मी विचारलं. मुलगी परिचारिका आहे, पट्टी तिच्याच पिशवीतली होती.

"मी?" ती म्हणाली. "मला घास गिळायला वेळ नाही अप्पा, आणि पट्ट्या कुठे लावत बसू?"

मी भीत भीत जावयांकडे पाहिलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर चौथ्या मजल्यावरून तळाशी हाका मारून त्यांचा आवाज घरातही खाली उतरत नाही.

"माझ्याकडे काय बघता? अप्पा, खरं सांगा, तुम्हीच लावल्या ना? ती वाचते असं आम्हाला वाटावं म्हणून?"

हे मला सुचलं असतं का? सुचलं असतं, ही लाजेची गोष्ट.

मुलीने पट्टी दिव्यापाशी धरली. "ही कात्रीची कड नाही. दातांनी तोडलीय. आणि अप्पांचे दात तर निम्मा दिवस वाटीत असतात."

"मग कोणी?" जावई गरजले. कोपऱ्यातल्या मुंगीने खांदे आक्रसले. "तिने? शब्दाचा आकार पाठ झाला असेल तिला, बाकी काही नाही!"

मी उठलो. माझ्या कपाटात चौथं पुस्तक होतं. एका चौकटीत दोन-दोन फुगे होते म्हणून मी ते नापसंत करून ठेवलं होतं, तिला दाखवलंही नव्हतं. ते सतरंजीवर ठेवलं, शेजारी चिकटपट्टीचं वेटोळं ठेवलं, आणि आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांवर नजर ठेवत उभे राहिलो.

मुंगी आली. पानं उलटू लागली. तिचं बोट फुग्यांखालून सरकत होतं, पण ते नुसतंच सरकतंय की काय, हे मला ठरवता येईना. पाच पानं झाली, सहा झाली. जावयांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

आठव्या पानावर बोट थांबलं. तिने पट्टी ओढली, दाताने तोडली, चिकटवली, आणि अंगठ्याने दोनदा दाबली.

जावई दबकत गेले आणि तिच्या मागे उकिडवे बसले. मीही वाकून बघितलं. चित्रात नुसतं एक बंद दार होतं. तोंड उघडलेलं कोणी नाही, काही फुटलेलं नाही. वर एका ओळीत लिहिलं होतं : 'दाराआडून बाबा', आणि पुढे पट्टी.

जावयांनी हात पुढे केला, पण पट्टी सोलली नाही. पान उजेडाकडे किंचित कलतं केलं. कागद पातळ होता, खालची अक्षरं दिसली. 'ओरडले.'

त्यांनी पान हळूच पुन्हा सपाट केलं.

"आता काय म्हणणं आहे?" मुलीने दारातून विचारलं.

"हळू बोल गं," जावई म्हणाले, इतक्या खालच्या आवाजात, की ते त्यांचंच बोलणं आहे का अशी मला शंका आली. मग त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिने न झाकलेला 'बाबा' हा शब्द ओठातल्या ओठात वाचला.

मुंगीने पान उलटलं. नव्या पानावर खूप शब्द होते. जावई वाकले, आणि तिच्या बोटामागून एकेक शब्द वाचू लागले.