आईच्या वतीने

डॉक्टरबाईंनी प्रश्न आईला विचारला होता. उत्तर मी दिलं.

"गोळीचा काही त्रास?"

"छे! एकदम मस्त आहे आई," मी म्हणाले. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. झालं, पुढची तारीख मिळाली.

असं धडाधड बोलणं माझं नवीनच होतं. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. पण गेल्या वर्षी आई आजारी पडली. म्हणजे ताप नाही, खोकला नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. बाबा जहाजावर. मग फोन करायला घरात दुसरं होतं कोण? बेकरीच्या मालकीणबाईंना रजेचं मीच सांगितलं, डॉक्टरबाईंची वेळ मीच घेतली, आणि चुकीचं बिल पाठवणाऱ्या वीजवाल्यांशी तर चक्क भांडले. एवढा आवाज माझ्यात कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही, पण आला तो गेलाच नाही. आई मला भोंगा म्हणायला लागली. नैराश्याची गोळी सुरू होऊन महिना-दीड महिना झाला तशी ती उठून बसली, आंघोळीला गेली, कामावर गेली, आणि एके सकाळी दारातून ओरडली, "भोंग्या, डबा विसरलास!" मी जिन्यात इतकी नाचले की खालच्या काकू काय पडलं म्हणून बघायला आल्या.

आई केक सजवते. क्रीमची गुलाबं, कडेची नक्षी, आणि मुख्य म्हणजे नावं. लांबलचक नावसुद्धा ती हात न उचलता लिहिते आणि शेवटचं अक्षर बरोबर जागेवर बसतं.

त्या तपासणीच्या आठवडाभर आधी मी शाळेतून थेट बेकरीत गेले, तर आई क्रीमची पिशवी हातात धरून नुसती उभी. समोरच्या केकवर एकच अक्षर होतं, गोगलगाय चालून गेल्यासारखं.

"हात थरथरतोय गं," ती हळूच म्हणाली. "गोळीमुळे असेल का?"

"दे इकडे." मी ते अक्षर सुरीने खरवडलं आणि नाव लिहिलं. जाडंभरडं, तिरकं, पण नाव.

म्हणजे मला माहीत होतं. हेच तर सांगायचंय. डॉक्टरबाईंसमोर 'मस्त' म्हणताना मला सगळं माहीत होतं. हात थरथरतो म्हटलं तर त्या गोळी बंद करतील आणि आई पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी स्वतःशी हिशेब मांडून टाकला, नावं मी लिहीन, बाकी आई बघेल. तिच्या हाताचा हिशेब तिला न विचारता.

मग रोज शाळा सुटली की बेकरी. मालकीणबाई एकदा माझं अक्षर बघून म्हणाल्या, "हे वाढदिवसाचं आहे की औषधाची चिठ्ठी?" आई हसली नाही. माझ्या लक्षात आलं, पण मी ते सोडून दिलं.

पुढे लग्नाच्या तीन मजली केकचं काम आलं. कडेने जाळीची नक्षी हवी होती. ते काही माझ्याच्याने होणारं नव्हतं. "ते मी करीन," आई म्हणाली, आणि खरंच केलं. एक रेघ हलली नाही.

"बघ! गेला ना त्रास आपोआप?" मी टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी ती ओट्याला धरून उभी होती. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणाली. मळमळत होतं. दूध उतू गेलं तर रडायला लागली, मग माझ्यावर खेकसली, मग परत रडली. ती आडवी झाल्यावर मी पाणी द्यायला गेले आणि उशाशी गोळ्यांचं पाकीट दिसलं. पाठीमागे वार लिहिलेले असतात, त्यातल्या गेल्या आठ दिवसांच्या गोळ्या तशाच.

"आई! तू बंद केलीस? कुणाला विचारलंस?"

"त्या केकपुरतं म्हटलं," ती डोळे मिटून म्हणाली. "मग म्हटलं, आता बरीच आहे की मी."

"डॉक्टरांना फोन करायचास ना!"

"काय सांगणार? सगळं मस्त आहे असं सांगितलं होतं आपण. तू इतकी खूश होतीस त्या दिवशी."

ती मला टोमणा मारत नव्हती. मारला असता तर बरं झालं असतं.

मग तिने विचारलं, "राहिलेल्या दोन-दोन करून घेतल्या तर भरून निघेल का गं?"

भोंग्याकडे सगळ्याची उत्तरं असतात. पण मी म्हणाले, "मला माहीत नाही," आणि दवाखान्यात फोन लावला. एकदम दोन अजिबात द्यायच्या नाहीत, आत्ता एकही नको, आईला तासाभरात घेऊन ये, असं तिथून सांगितलं.

दवाखान्यात मी उभ्या उभ्या सगळं ओकले. थरथर, केक, माझं खोटं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. हात थरथरणं बऱ्याच जणांना होतं, त्या म्हणाल्या, मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते, कडक चहा कमी करूनही फरक पडतो. पण आपल्या मनाने एकदम थांबवली की शरीर असं गडबडतं, म्हणून उतरायचं ते पायरीपायरीने, आणि सांगून. मग त्यांनी खुर्ची आईकडे वळवली.

"आता तुम्ही सांगा."

माझी जीभ नुसती वळवळत होती. मी ती दाताखाली धरली. आणि आईने माझ्याकडे बघितलं, आपण वर्गातून बाहेर जायची परवानगी मागताना बाईंकडे बघतो ना, तसं.

"मी बाहेर बसू?" मी विचारलं.

"नको. तूही ऐक." तिने ओठ ओले केले. "गोळी घेत असले की दिवसभर जांभया येतात. झोपेत घामाने कपडे भिजतात. आणि रडू येत नाही तसं हसूही येत नाही फारसं. हिला वाईट वाटू नये म्हणून हसते."

त्या लिहीत होत्या. मी फरशीकडे बघत होते.

"अजून काही?"

"आहे," आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.