दोघांची एकच उडी

प्रसेनजीत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. शिकवणारा डावीकडं बसतो आणि त्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. तरुणपणातली सगळी वर्षं त्यानं त्या ब्रेकवर पाय ठेवून काढली होती.

मग त्याला पुस्तकांचा नाद लागला. 'चाकोरी फोडा', 'तुमचे साहेब तुम्हीच' असली पुस्तकं तो गाडीत बसून वाचायचा. सगळ्यांत कुणीतरी सोमवारी सकाळी नोकरी सोडायचं आणि शेवटच्या प्रकरणात समुद्राकडं बघत कॉफी प्यायचं. वाचून वाचून प्रसेनजीतनंही ठरवलं, राजीनामा द्यायचा.

"आणि धंदा कसला करणार?" त्याच्या बायकोनं, रूपालीनं भाकरी थापता थापता विचारलं.

"ते ठरलं न्हाय अजून. आधी उडी मारायची, मग जागा बघायची. पुस्तकात हाय."

"ते लिवणाऱ्याच्या बायकोनं काय लिवलंय का कुठं?"

स्कूलचे मालक अमरसिंहदादा भला माणूस. त्यांना एकदम धक्का बसू नये म्हणून प्रसेनजीतनं शनिवारी 'चाकोरी फोडा' त्यांनाच वाचायला दिलं. कॉलेज सुटल्यापासून दादांनी पुस्तक म्हणून हातात धरलं नव्हतं. हे मात्र त्यांनी रविवारात फस्त केलं.

सोमवारी प्रसेनजीत इस्त्रीचा शर्ट घालून, भाषण पाठ करून ऑफिसात उभा राहिला.

"दादा, माणसाच्या आयुष्यात एक वळण येतं—"

"आलंय की!" दादा टेबलावर हात आपटून म्हणाले. "सोडलं मी हे सगळं. नेसरीला चाललोय, आजोळी. मधमाश्या पाळणार."

"तुम्ही कसं सोडतासा? मी सोडणार हाय!"

"मी मालक हाय. पयला मान माझा."

"पण पुस्तक माझं हाय!"

दादांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढं सरकवला. "स्कूल आता तू चालव."

"मला नको. मला चाकोरी फोडायचीय."

"मग माझी घे की! तुझ्यासाठी नवीकोरीच हाय."

आवाज रस्त्यावर जायला लागले. बाहेर स्कूलच्या गाडीत रोशनबी बसल्या होत्या. वय साठीचं, धंदा शिवणकामाचा. शिकायला लागून बरेच दिवस झाले होते. गाडीला किल्ली होती. त्यांनी दोनदा हॉर्न दिला. कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हॉर्न दिला नाही.

प्रसेनजीत बाहेर आला, तर जागा मोकळी. दोघांनी धावत रिक्षा पकडली. चौकातला पानवाला म्हणाला, "ती एलवाली गाडी व्हय पावणं? कळंब्याकडं गेली की. हात दाखवून वळली बघा!"

रिक्षा कळंब्याला पोचेपर्यंत प्रसेनजीतच्या डोळ्यांपुढं काय काय येऊन गेलं. गाडी तिथल्या तलावात, गाडी तिथल्या जेलच्या भिंतीत. दादा तर आजोळ विसरून देवाचं नाव घेत होते.

गाडी तलावाकाठी एका झाडाखाली नीट उभी होती. ओरखडासुद्धा नव्हता. रोशनबी आत बसून मक्याचं कणीस खात होत्या.

"चाची, जीव घेतासा काय आमचा!" प्रसेनजीत ओरडला. "एकट्या कशा आलासा?"

"तुमचं भांडण काय संपंना. म्हटलं, जाऊन येऊ." त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि एक सांगू, आज गाडी एकदाबी बंद पडली न्हाय. तू शेजारी असलास की बंद पडती."

प्रसेनजीतला रागवायचं होतं. पण आपण शिकवलेली बाई एकटी राजारामपुरीतून इथवर आली, या विचारानं त्याची छाती उगीचच फुगत होती. असलं काही त्याला एकाही पुस्तकानं दिलं नव्हतं.

"बरं, मग परत का आला न्हाईसा?"

"कशी येणार? पुढं झाड हाय. रिव्हर्स अजून शिकवलाय कुठं तू?"

दादा असे हसले की काठावरचे बगळे उडाले. प्रसेनजीत डावीकडं बसला आणि दोन्ही पाय सीटवर घेऊन त्यानं मांडी घातली. दादा मागं बसून सीटच्या पाठीला घट्ट मिठी मारून राहिले. रोशनबींनी गाडी मागं घेतली. थोडी वाकडी घेतली, पण घेतली.

दुसऱ्याच दिवशी दादा नेसरीला गेले. किल्ल्या प्रसेनजीतनं "तुम्ही येईपर्यंत" म्हणून ठेवून घेतल्या. रोशनबींनी गल्लीत कळंब्याची गोष्ट अशी रंगवून सांगितली की महिन्याभरात पन्नाशीपुढच्या बायकांची सकाळची वेगळी बॅच सुरू झाली. प्रसेनजीतला पुस्तक उघडायला सवड मिळेना.

एके दिवशी दादांचा फोन आला.

"माश्या गेल्या रे सगळ्या. शेजारच्याच्या आंब्यावर जाऊन बसल्यात. चावल्या त्या मात्र मला."

"मग येतासा न्हवं परत?"

"खुळा का काय! बदकं आणलीत की."