मामाच्या मुठीतला काष्टा

सन चौतीसच्या वैशाखात, नागपूरच्या महालात, मुकुंदाचं लग्न एका काष्ट्यावर अडलं.

त्याचे वडील बाबाराव यांच्या घराण्याची रीत अशी, की मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाच्या मामानं मागे उभं राहून त्याच्या पीतांबराचा काष्टा मुठीत धरायचा, आणि हार घालून होईपर्यंत सोडायचा नाही. कोणी कारण विचारलंच, तर बाबाराव डोळे मिटून सांगत, की काष्टा म्हणजे वंशाची दोरी आणि मामाची मूठ म्हणजे साक्षात मातृकुळ. डोळे उघडेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे.

मुकुंदाला मामा एकच, चंपतराव. मांडवात आल्यावर त्यांनी पाहिलं, की बाबारावांना टेकायला लोड आहे आणि आपल्याला नुसती सतरंजी. ते तसेच उठले. टांगा केला आणि लकडगंजला आपल्या घरी जाऊन बसले. समजूत घालायला गेलेल्या माणसाला त्यांनी सरबत पाजलं आणि लोडाचं गाऱ्हाणं सांगितलं. मग मांडवातून टांग्यानं लोड पाठवला, तर हा बाबारावांनी टेकून चेपलेला आहे म्हणून परत आला.

मुहूर्त जवळ येत चालला. मामा नाही तर लग्न नाही, असं बाबारावांनी जाहीर केलं. नवरी चारुशीला हिचे वडील श्रीधरपंत यांनी स्वतःकडचा एक मामा देऊ केला. पण मातृकुळ उसनं चालत नाही म्हणे. दोघांना जुळणारा पुढचा मुहूर्त पार दिवाळीनंतरचा. मुकुंदाचा जीव चारुशीलेत अडकलेला. मुंडावळ्यांसकट तो बाबारावांच्या म्हाताऱ्या आत्याजवळ, यमुताईजवळ जाऊन रडकुंडीला आला.

यमुताईनं अडकित्ता खाली ठेवला आणि बाबारावांना बोलावून घेतलं.

"तुह्या बापाच्या, नत्थूच्या लग्नात मी करवली होती," ती म्हणाली. "नत्थूचा पीतांबर पहेलवान काकाचा मागून आणला होता. त्यात दोन नत्थू मावले असते. हार घालाले हात वर केले का तो खाली ये. म्हणून मामानं धरला. वंशाची दोरी कायची घेऊन बसला गा?"

"मंग माह्या लग्नात काहून नाही बोलली?"

"सारे मोठे गंभीर होऊन पाहून राहिले होते. बरं दिसत होतं."

दोरी तुटली, लग्न उभं राहिलं. अंतरपाट सरला. भटजींनी सावधान म्हटलं होतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. मुकुंदा सेक्रेटरिएटात पाटलून घालून जाणारा कारकून. पीतांबर जन्मात पहिल्यांदा नेसलेला, आणि तोही नवाकोरा, गुळगुळीत रेशमाचा. त्यानं हार घेऊन दोन्ही हात वर केले आणि पीतांबर निघाला.

चारुशीलेनं आपला हार भटजींच्या हातात दिला, पुढे झाली आणि पीतांबर दोन्ही मुठींनी गच्च धरला.

"घाला आता हार," ती म्हणाली. "मी धरलंय."

ही बातमी लकडगंजला पोचायला वेळ लागला नाही. पंगत बसली तेव्हा चंपतराव येऊन बाबारावांच्या शेजारच्या पाटावर बसलेले होते. मामा नसला म्हणजे काय होते ते पाह्यलं ना, एवढंच त्यांनी विचारलं. त्यांच्या पाठीशी लोड होता.

बाबारावांनी डोळे मिटले. काष्टा म्हणजे संसार, ते सांगू लागले, आणि पुढून धरते ती गृहलक्ष्मी. आपल्या घराण्यात ही रीत फार जुनी.

डोळे उघडेपर्यंत त्यांच्या पानातली जिलबी मातृकुळात गेली होती.