पोटाचं दुखणं

वाटीतल्या हळदीत चुना पडला आणि लेप लालभडक झाला. साधनानं बोट बुडवलं ते तिथंच थांबलं... हा रंग आपण पाहिलाय, ह्याच रंगाची पपडी — केशरबाईच्या छातीवर.

चुलतसासू होती तिची. गेल्या उन्हाळ्यात गेली. शेवटची आंघोळ घालताना मेडशी गावातल्या बाया लुगड्याचा आडोसा धरून उभ्या होत्या, पाणी साधनाच ओतत होती. पपडी विरघळली, खाली जे होतं ते सगळ्यांनी पाहिलं आणि आडोशाबाहेर येऊन सगळ्यांनी सांगितलं, पोटाचं दुखणं होतं बिचारीला. साधनानंही सांगितलं. त्या जागेचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं, म्हणून दुखणं पोटात ढकलायचं! केशरबाईच्या आधी तिची एक जाऊ, त्याआधी पलीकडच्या गल्लीतली माहेरवाशीण... सगळ्या पोटानंच गेल्या म्हणे. बाई गं, एवढी पोटं? आणि माझं?

डावीकडची गाठ हरभऱ्याएवढी होती, आता सुपारीएवढी झालीय — दुखत नाही मेली, दुखली असती तर ओरडता तरी आलं असतं.

"लाव ना वो, बसली काहून?" सासू सोजरबाई दारातून म्हणाली. "सोयाबीनची सोंगणी होऊ दे, मंग दाखवू वाशीमले. कोनी इचारलं तं पोट दुखते म्हन."

सोंगणी होऊ दे! केशरबाईलाही हेच सांगितलं होतं. सोजरबाई वाईट नाही, केशरबाईसाठीही तिनं असाच मायेनं लेप कालवला होता... म्हणूनच साधनाला जास्त राग आला. तिनं वाटी मोरीत पालथी केली, हात खसाखसा धुतले.

अंगणात तिचा नवरा भागवत शेतात जायला मोटरसायकल पुसत होता.

"गाडी वाशीमले घ्या. आत्ताच."

"काहून? पोट दुखून राह्यलं काय?"

'हो' जिभेवर आलंच होतं — किती सोपं, म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही, मरेपर्यंत विचारत नाही...

"पोट नाई." आवाज शेजारी गेला. जाऊ दे! "छातीत गाठ हाय. माह्या छातीत."

भागवतच्या हातातलं फडकं थांबलं. आत सासू "अवं माय" म्हणून मटकन खाली बसली. डॉक्टर काय सांगेल, उशीर झाला असेल तर... भीती तशीच होती. पण दुखणं कुठं आहे ते तिनं सांगून टाकलं होतं. आता त्याच्याशी भांडायचं तर तिथंच भांडता येईल.